पाण्याखाली नेलेला प्रकाश : एका घरगुती डबीचा पूर्वेतिहास



आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारून घेतलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. तुमचा आणि लेझर पॉइंटरच्या वॉटरप्रूफ डबीचा संबंध काय?" संबंध सांगतो. एखादी गोष्ट 'माहीत असणं' म्हणजे काय, आणि 'आजवर चाललं म्हणून उद्याही चालेल' असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हे दोन प्रश्न मी अनेक वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आलो. त्या प्रश्नांचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण कुठल्या ग्रंथात नाही, एका रबराच्या कडीत आहे. नळ दुरुस्त करणारा तिला ओ-रिंग म्हणतो. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. आणि ही कडी तिच्या सगळ्या गुणदोषांसह बघायची असेल, तर पाण्याखाली लेझर न्यायला लोक घरी जी डबी बनवतात तिच्यासारखी दुसरी जागा नाही.

पण पाण्याखाली लेझर हवाच कशाला? हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मासा आहे. कोळ्याच्या जाळ्यात आलेला मासा फळीवर ठेवून मोजता येतो. पण पोहणारा, जिवंत, सात-आठ मीटरचा व्हेल शार्क कसा मोजणार? टेप घेऊन त्याच्यामागे कोण पोहणार? नजरेच्या अंदाजाचा तर भरवसाच नाही, कारण डाइव्हिंगच्या सपाट काचेच्या मास्कमधून पाण्यातली वस्तू जवळजवळ एकतृतीयांश मोठी दिसते. त्यावर तोडगा निघाला तो असा. कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना दोन लेझर बसवायचे, एकमेकांना अगदी समांतर. समजा दोघांत अंतर ५० सेंटिमीटर. फोटोत माशाच्या अंगावर दोन ठिपके येतात, आणि किरण समांतर असल्यामुळे मासा जवळ असो की लांब, ठिपक्यांमधलं अंतर ५० सेंटिमीटरच राहतं. म्हणजे माशाच्या अंगावरच आपण पट्टी ठेवली. फोटोत ठिपक्यांमधलं अंतर ३०० पिक्सेल आणि मासा ४२०० पिक्सेल भरला, तर मासा सात मीटरचा. त्रैराशिक. सातवीतलं पोर करेल. मोझांबिकच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क असेच मोजले गेले, त्यावरचा शोधलेख २०११ साली आला. हवाईकडे मांटा रे नावाचे पंखांसारखे पसरलेले मासेही असेच मोजले गेलेत.

आता त्रैराशिक सोपं असलं तरी ते उभं आहे एका अटीवर: दोन लेझर, कोरडे आणि समांतर. यातला 'कोरडे' हा शब्द सोपा वाटतो. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 'समांतर' या शब्दात एक सापळा आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

त्याआधी प्रकाशाबद्दल थोडं, कारण लेझर लाल घ्यायचा की हिरवा हे ठरल्याशिवाय डबीला अर्थ नाही. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये 'नारकुंडा' नावाची बोट इंग्लंडहून मुंबईला येत होती. तिच्यावर चंद्रशेखर वेंकट रामन होते. भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगानं ते बेचैन झाले. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या माणसाचं मत होतं की खोल समुद्राचा निळा म्हणजे आकाशाच्या निळ्याचं प्रतिबिंब, आणखी काही नाही. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून एका ठराविक कोनात परतणारा प्रकाश ध्रुवित असतो, आणि प्रिझम योग्य फिरवला की तो अडतो. म्हणजे प्रतिबिंब पुसलं गेलं. निळा रंग मात्र गेला नाही, उलट अधिक खुलला. 'नेचर'कडे गेलेल्या त्यांच्या टिपणाखाली पत्ता आहे तो बोटीचा आणि मुंबई बंदराचा, तारीख २६ सप्टेंबर. आपल्या बंदरातून निघालेलं हे टिपण. खिशात मावणारा एक प्रिझम घेऊन प्रस्थापित मताला असा प्रश्न विचारायचा, हे मला त्यांच्या पुढच्या नोबेलइतकंच मोठं वाटतं.

पाण्याचा हा निळेपणा येतो तो पाणी लाल रंग गिळतं आणि उरलेला निळा विखुरतं म्हणून. आणि गिळतं ते हावरटासारखं. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सुमारे दोन मीटरमध्ये निम्मा होतो. दहा मीटर गेल्यावर तीस भागांतला जेमतेम एक भाग उरतो. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्याला निम्मं व्हायला पंधरा मीटर लागतात, आणि ४५० च्या निळ्याला सत्तरहून जास्त. मग निळाच का घेऊ नये? कारण समुद्र म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. किनाऱ्याजवळ कुजलेल्या वनस्पतींचा पिवळसर अंश पाण्यात विरघळलेला असतो, आणि तो निळा खातो. मालवण-तारकर्लीकडे ज्यांनी डुबकी मारली आहे त्यांना तो हिरवट उजेड माहीत असेल. म्हणून बहुतेक घरगुती डब्यांत हिरवा पॉइंटर असतो. व्याख्यानात पडद्यावर फिरवायचा लाल पॉइंटर समुद्रात जवळजवळ आंधळा.

आता डबी. १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथ या गावी विल्यम थॉम्प्सन नावाचा एक वकील होता. त्याला समुद्राच्या तळाचा फोटो हवा होता. त्यानं एक पेटी केली, समोर काच लावली, दोरीनं उघडणारी झडप ठेवली, आत कॅमेरा, आणि बोटीतून ती साडेपाच मीटरवर सोडली. पेटीत पाणी शिरलं. तरी प्लेटवर अंधुक चित्र उमटलं. पाण्याखाली काढलेला पहिला फोटो म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो हाच, म्हणजे गळक्या डबीतला.

का गळली? हिशेब करून बघा. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एक वातावरणानं वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पाच मीटरवर अर्धा किलो. फार वाटत नाही. पण वीतभर लांबी-रुंदीच्या पेटीची एक बाजू घेतली तर चारशे चौरस सेंटिमीटर होतात, आणि तिच्यावर दोनशे किलो बसतात. आणि तेही सहाही बाजूंनी, कारण पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय की द्रवातला दाब दिशा बघत नाही.

सदतीस वर्षांनी फ्रान्समध्ये बान्यूल्स इथल्या आरागो प्रयोगशाळेत लुई बूताँ हा प्राणिशास्त्रज्ञ त्याच प्रश्नाशी आला. साल १८९३. त्याचा भाऊ ऑग्युस्त इंजिनियर होता, आणि डबीची रचना त्याची. तांब्याची पेटी, आणि तिला जोडलेला हवेनं भरलेला एक रबरी फुगा. पेटी खाली जाऊ लागली की पाणी फुगा दाबतं, फुग्यातली हवा पेटीत ढकलली जाते, आणि आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. मग पाण्याला आत शिरायचं कारणच उरत नाही! ही युक्ती मला फार लोभस वाटते. थॉम्प्सननं पाण्याला अडवायचा प्रयत्न केला, बूताँ बंधूंनी पाण्याशी तह केला.

पण तहाची किंमत असते. पेटी तीन लिटरची असेल तर दहा मीटरवर तिला तीन लिटर जादा हवा लागते. तीस मीटरवर नऊ लिटर. म्हणजे जितकं खोल जाल तितका फुगा मोठा, आणि फुगा मोठा तितकी पेटी वर उसळणार, तिला बुडवायला तितकं शिसं बांधायचं. बूताँनं पुढे १८९९ मध्ये विजेचे दिवे घेऊन सुमारे पन्नास मीटरपर्यंत फोटो काढले, तेव्हा ती सगळी यंत्रसामग्री बोटीवरून दोरांनी सोडावी लागली. एका माणसाच्या हातात मावणारी वस्तू ती राहिली नाही.

अडवणं आणि तह, यांच्यापलीकडे तिसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो तोवर शंभर वर्षं जुना झाला होता. फक्त तो वेगळ्या खात्यात पडलेला होता. जोसेफ ब्रामानं १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तिच्यात अडचण अशी की सरकणाऱ्या दांड्याभोवती फट ठेवली तर पाणी फवारतं, पॅकिंग ठासून भरली तर दांडाच हलत नाही. तोड निघाली ती चामड्याच्या वाटीसारख्या कडीची. तिचं श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीला देतात. वाटीचं तोंड पाण्याकडे. दाब वाढला की पाणी वाटीत घुसतं, तिच्या कडा फाकवतं आणि दांड्याला घट्ट चिकटवतं. दाब गेला की कडी ढिली, दांडा मोकळा. बघा हं, पाणी बाहेर पडायची जी धडपड करतंय, तीच धडपड दार लावून घेते.

यात गूढ काही नाही, तुमच्या घरात हे रोज घडतं. ज्या कुकरचं झाकण आत सरकवून खालून बसवावं लागतं, तो आठवा. वाफ जितकी जोरात झाकण ढकलेल तितकं ते काठाला घट्ट बसतं. वाफ भरलेली असताना ते उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. गावातल्या हापशाचा चामडी वॉशर हाही त्याच घराण्यातला. पण चामडं वाळतं, कुजतं, आणि प्रत्येक मापाची वाटी वेगळी घडवावी लागते. त्यामुळे कल्पना जवळजवळ दीडशे वर्षं कारखान्यात राहिली, माणसाच्या हातात आली नाही.

ती हातात आणली नील्स क्रिस्टेनसेन यानं. जन्म डेन्मार्कचा, १८६५ चा. १८९१ साली अमेरिकेत गेला आणि आयुष्य गाड्यांच्या ब्रेकवर काम करण्यात घालवलं. ओ-रिंगसाठी त्यानं पेटंटचा अर्ज केला १९३७ मध्ये, म्हणजे वयाच्या ७२ व्या वर्षी. पेटंट मिळालं १९३९ ला. (सभागृहातल्या माझ्या वयाच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी. [हशा]) दुसरं महायुद्ध सुरू झालं, विमानांच्या चाकांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ही कडी अशी काही बसली की अमेरिकन सरकारनं पेटंटचे हक्क घेऊन ते इतर उत्पादकांना खुले केले. युद्ध संपलं तेव्हा कडी सर्वत्र होती.

क्रिस्टेनसेनचा शोध नेमका कशात आहे, ते बघण्यासारखं आहे. रबराची गोल कडी त्याच्याआधीही लोकांनी वापरली होती. त्याचा शोध कडीत नाही, खाचेत आहे. समजा कडीच्या रबराची जाडी तीन मिलिमीटर. तिच्यासाठी खाच साधारण अडीच मिलिमीटर खोल कातायची, म्हणजे झाकण बसलं की रबर थोडं चेपलं जातं. पण रुंदी मात्र चार मिलिमीटर, म्हणजे जाडीपेक्षा जास्त. ही मोकळी जागा वाया गेलेली नव्हे. दाब आला की कडी खाचेत पलीकडच्या भिंतीकडे सरकते, तिथे चेपून पसरते आणि फट बुजवते. खाच तंग केली तर कडी सरकणार नाही आणि काम करणार नाही. घट्ट बसवण्यासाठी सैल जागा सोडावी लागते, हे ड्रॉइंग बोर्डवर बसून सुचणारं नाही. ते हातानं शेकडो वेळा करून बघितलेल्या माणसाला सुचतं. गिल्बर्ट राइलनं 'असं आहे हे माहीत असणं' आणि 'कसं करायचं हे माहीत असणं' यांत फरक केला, तेव्हा त्याच्यासमोर हे उदाहरण असतं तर त्याचं काम सोपं झालं असतं.

युद्धानंतर पाण्याखालच्या मंडळींनी ही कडी उचलली. झाक-ईव्ह कुस्तो यांच्यासाठी जाँ द वूतेर या बेल्जियन माणसानं 'कॅलिप्सो' कॅमेरा बनवला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. १९६३ पासून तोच 'निकोनॉस' नावानं निकॉननं विकला. त्याला वेगळी पेटी नव्हती, कॅमेऱ्याचं कवच हीच पेटी, आणि जोड कड्यांनी बंद केलेले. बूताँला दोर आणि बोट लागली, याला गळ्यात पट्टा पुरे.

लेझरचा प्रवास मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात थिओडोर मेमननं माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. १९६२ मध्ये अर्धवाहकाचा लेझर आला, मग तो लहान, स्वस्त होत गेला आणि शेवटी किल्लीच्या जुडग्याला लटकू लागला. दोन नद्या मिळाव्यात तशा या दोन गोष्टी, कडी आणि किरण, घरच्या टेबलावर एकत्र आल्या.

आता आपण त्या टेबलाशी बसू. ॲक्रिलिकची किंवा ॲल्युमिनियमची जाड नळी घ्या, पॉइंटर आत मावेल एवढी. एका टोकाला सपाट ॲक्रिलिकची खिडकी. दुसऱ्या टोकाला लेथवर कातलेलं बूच, त्यावर एकामागे एक दोन खाचा, दोन कड्या. खिडकी तीन सेंटिमीटर व्यासाची असेल तर तीस मीटरवर तिच्यावर साधारण २१ किलोचा भार येतो, तो जाड ॲक्रिलिक सहज सोसतं. बुचावरही तेवढाच, पण तो बुचाला आत ढकलतो. त्यामुळे बुचाला मोठमोठे स्क्रू लागत नाहीत, पाणीच ते धरून ठेवतं. अर्थात कडी जिथे टेकते तो पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत हवा. एक चरा पुरे.

बटणाचं काय? नवशिका पहिल्यांदा काय करतो, बटणापुरतं एक भोक पाडतो. प्रत्येक भोक म्हणजे गळतीला एक नवा पत्ता. म्हणून जाणते लोक भोकच पाडत नाहीत. आत रीड स्विच बसवतात, बाहेर एक लोहचुंबक सरकवतात. चुंबकत्व भिंतीतून जातं, पाणी जात नाही. पॉइंटरचं भिंगही नेहमी आतल्या हवेतच ठेवायचं. भिंग पाण्यात उघडं पडलं तर त्याची ताकद जवळजवळ एकतृतीयांश उरते, कारण भिंग काम करतं ते स्वतःच्या आणि बाहेरच्या माध्यमाच्या फरकावर, आणि ॲक्रिलिक व पाणी यांच्यात तो फरक फारच थोडा. मग किरण किरण राहत नाही, फिसकटतो.

बारीक गोष्टी आणखी आहेत. कडीला ग्रीस लावायचं ते चकाकी येण्यापुरतं, गळती बुजवण्यासाठी नव्हे. कडी सिलिकॉनची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नये, ती फुगते. बंद करण्यापूर्वी बोटानं चाचपून बघायचं, एखादा केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा अडकलेला नाही ना. दमट हवेत बंद केलेली डबी थंड पाण्यात गेली की आतून खिडकीवर दव धरतं, म्हणून आत सिलिका जेलची पुडी. आणि पहिली डुबकी नेहमी रिकाम्या डबीची: पॉइंटरऐवजी टिश्यू पेपरची गुंडाळी. ती कोरडी आली तर पुढचं.

पण बादलीतल्या चाचणीवर विसंबू नका, आणि खोलवरच्या चाचणीवरही नाही. लोकांना वाटतं की जास्त खोल म्हणजे जास्त धोका. कडीच्या बाबतीत कित्येकदा उलटं घडतं. खोल पाण्यात दाब कडीला चेपून बसवतो. पृष्ठभागाजवळ तो दाब नसतो, तिथे कडी फक्त आपल्या सुरुवातीच्या चेपणीवर उभी असते, आणि जराशी वाकडी बसलेली असेल तर तिथेच गळते. लाटांत हिंदकळणारी डबी बुडते आणि तीच नीट खाली गेली तर कोरडी राहते, असं घडू शकतं. तेव्हा चाचणी दोन्ही ठिकाणी करायची.

आता तो 'समांतर'चा सापळा. डब्या तयार झाल्या, पट्टीवर ५० सेंटिमीटर अंतरानं बसवल्या. रात्री घरातल्या भिंतीवर ठिपके पाडले, जवळून आणि दुरून अंतर मोजलं, दोन्हीकडे नेमकं ५०. समाधान वाटतं. पण समजा एका डबीत पॉइंटर खिडकीशी काटकोनात नाही, पाच अंशांनी कललेला आहे. हवेत याचा पत्ताच लागत नाही, कारण किरण हवेतून खिडकीत आणि खिडकीतून पुन्हा हवेत जातो, जितका वळतो तितकाच परत सरळ होतो. पाण्यात मात्र तो खिडकीबाहेर पडताना हवेत नाही, पाण्यात पडतो. पाच अंशांचा कोन पावणेचार अंशांचा होतो. सव्वा अंश वळला. पाच मीटरवर हा फरक जवळजवळ अकरा सेंटिमीटर होतो. म्हणजे भिंतीवर जे किरण समांतर होते ते समुद्रात फाकतात, आणि ५० समजून आपण ६१ सेंटिमीटरची पट्टी वापरतो. सात मीटरचा मासा कागदावर पावणेसहा मीटरचा भरतो. हवेत कितीही काळजीपूर्वक मोजलंत तरी ही चूक दिसणार नाही. उपाय एकच, किरण पाण्यात जुळवायचे, तलावात, माहीत असलेल्या लांबीची पट्टी समोर धरून. अपवर्तन माणसाला काल-परवा कळलं असं नाही. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात हवा आणि पाणी यांच्यातले कोन मोजले होते, आणि १६२१ मध्ये स्नेलनं नियम मांडला. नियम ठाऊक असतो. तो आपल्याच डबीच्या खिडकीत बसलेला आहे, हे ध्यानात येत नाही.

आणि इथूनच मी माझ्या प्रश्नाकडे येतो. न्यायदर्शनात व्याप्तीची चर्चा आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर असं म्हणता येतं का? येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो इंधन ओलं असेल तर. हे ओलं इंधन म्हणजे उपाधी, न सांगितलेली अट. स्वयंपाकघरात सगळंच सरपण थोडं ओलं असेल, तर ती अट कधी डोळ्यांपुढे येतच नाही. हजार वेळा अग्नीबरोबर धूर दिसतो आणि आपण नियम करून मोकळे होतो.

२८ जानेवारी १९८६. अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटलं, सात माणसं गेली. रॉकेटच्या भागांच्या सांध्यात रबरी ओ-रिंग होत्या. त्या दिवशी सकाळी हवा दोन अंश सेल्सिअसच्या आसपास होती. सांधा दाबानं किंचित उघडतो, आणि कडीनं त्या क्षणी पसरून फट बुजवायची असते. थंड रबर पसरायला वेळ घेतं. तेवढा वेळ तप्त वायूला पुरला. आदल्या रात्री रॉजर बॉइजोली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्याच इंजिनियरांनी, या थंडीत उडवू नका असं सांगितलं होतं. पुढे चौकशी समितीसमोर रिचर्ड फाइनमननं रबराचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवलं की तो लगेच पूर्ववत होत नाही.

पण माझं लक्ष जातं ते आधीच्या उड्डाणांकडे. त्यांतल्या काहींत कड्या खरवडलेल्या, जळालेल्या आढळल्या होत्या. यान मात्र सुखरूप परतलं होतं. आणि त्या परतण्याचा अर्थ 'एवढं खरवडलं तरी चालतं' असा लावला गेला. प्रत्येक यशानं धोक्याची खूण पुसली. 'जिथे कडी तिथे बंदोबस्त' अशी व्याप्ती बांधली गेली, आणि रबर उबदार, लवचिक असायला हवं ही उपाधी बाजूला पडली. ज्यांना ती दिसत होती त्यांच्याजवळ आकड्यांचा पुरेसा पुरावा नव्हता, म्हणून त्यांच्याकडूनच सिद्धता मागितली गेली. उडवणं असुरक्षित आहे हे सिद्ध करा म्हणाले, उडवणं सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं ओझं कुणावरच ठेवलं नाही. माझ्या मते त्या रात्रीची खरी चूक रबराची नव्हती, ती तर्काची होती. सिद्धतेचा भार चुकीच्या खांद्यावर टाकला गेला.

इथे थांबतो. दोन प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, लेझरनं माशाच्या डोळ्यांना इजा होत नाही का?

वक्ते: चांगलं विचारलंत. होऊ शकते, म्हणून किरण पोटाच्या-पाठीच्या बाजूवर रोखतात, डोक्याकडे नाही, आणि पॉइंटर पाच मिलिवॅटच्या आतला घेतात. आणि माशाइतकीच काळजी बोटीवरच्या माणसाची घ्यायला हवी. अनेक हिरव्या पॉइंटरांत हिरवा प्रकाश अवरक्त प्रकाशापासून तयार केला जातो. स्वस्त मालात तो उरलेला अवरक्त अडवणारा फिल्टर कधी कधी नसतो. तो डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. पाणी तो लवकर शोषतं, हवा शोषत नाही. तेव्हा डबी पाण्यात गेल्यावरच चालू करायची.

श्रोत्या: एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोबाइलसाठी मिळते तशा प्लास्टिकच्या पिशवीत पॉइंटर घालून नेला तर?

वक्ते: अहो ताई, तुम्ही बूताँच्या फुग्यालाच हात घातलात! पिशवी पाण्याबरोबर आवळत जाते, आतली हवा तितकीच दाबली जाते, म्हणून ती थोड्या खोलीवर गळत नाही. फक्त आवळताना ती पॉइंटरचं बटणही दाबू शकते, आणि मग तो बंदच करता येत नाही. शिवाय किरणापुढचं प्लास्टिक सपाट राहत नाही, सुरकुततं. किरण कुठल्या कोनात बाहेर पडेल याचा नेम नाही, आणि सव्वा अंशात काय होतं ते आपण आत्ताच पाहिलं. सोबत्याला खडकातला खेकडा दाखवायला चालेल. मासा मोजायला नाही. वेळ झाली आहे, बाकीचे प्रश्न बाहेर चहा घेताना बोलू.